पोरगं घरात आणि आकडा खाली: सांगली-मिरजेतल्या बेकारीचं नेमकं काय समजायचं?

मिरजेतल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली, अजून कुठं लागला नाही. पेपरात मात्र बेरोजगारी कमी झाल्याच्या बातम्या येतात. मग आपल्या सांगली-मिरज-कुपवाडमध्ये बेकारी वाढतेय का घटतेय, आणि पोराला इथं थांबवावं का पुण्याला धाडावं, हा त्यांचा प्रश्न. जाता जाता त्यांनी एक वाक्य लिहिलंय, "मुलगी एम.कॉम. झाली आहे, ती घरीच असते, तिचं काही नाही." त्या वाक्याकडं मी शेवटी येतो.

मी सत्तावीस वर्षं कुपवाड एमआयडीसीत माणसं घेण्याच्या कामात आहे. सुरुवात टाइमकीपर म्हणून झाली, मग भरतीचं बघितलं, आता आयटीआय आणि डिप्लोमाच्या पोरांना कारखान्यांत लावून देतो. एवढ्या वर्षांत मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं बेकारी कमी दिसते, कारण ज्याला काम मिळत नाही तो इथं राहत नाही, आणि जो राहतो त्याला रिकामं बसणं परवडत नाही. म्हणून "बेकार किती" हा प्रश्न आपल्या शहराला फारसा लागू पडत नाही. वर्षातले किती महिने काम आहे, त्या कामाचा पगार किती, आणि पाच वर्षांनी पोरगं इथंच आहे का, हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

आता आकड्याचं बोलू. देशातली बेरोजगारी ज्या सरकारी पाहणीतून कळते तिला नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण म्हणतात. सगळे तिला पीएलएफएस म्हणून ओळखतात. ती 2017-18 पासून सुरू आहे. 15 वर्षांवरच्या लोकांत बेरोजगारीचं प्रमाण पहिल्या वर्षी 6 टक्के होतं, ते 2023-24 मध्ये 3.2 टक्क्यांवर आलं. तुम्ही वाचलेल्या बातम्या याच्याच असणार, आणि त्या खोट्या नाहीत. पण त्याच अहवालात 15 ते 29 वयाचा आकडा वेगळा दिलेला असतो. तो 2023-24 मध्ये 10.2 टक्के होता. तुमचा मुलगा या रांगेतला. त्यातच जानेवारी 2025 पासून पाहणीची पद्धत बदलली आणि दर महिन्याचा आकडा यायला लागला. एप्रिल 2025 चा पहिला आकडा 5.1 टक्के होता. तेव्हा बेकारी 3.2 वरून 5.1 वर गेली म्हणून बरीच ओरड झाली. ती तुलना चालत नाही. वर्षाचा आकडा मागच्या 365 दिवसांवरून काढतात, महिन्याचा मागच्या सात दिवसांवरून. शेराचं माप आणि किलोचं माप शेजारी ठेवून भाव ठरवत नाहीत, तसंच हे.

पुढं, काम आहे असं कुणाला म्हणायचं? मिरज तालुक्यातली एखादी बाई फेब्रुवारी ते एप्रिल तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर प्रतवारीला जाते. बाकीचे महिने घरी. वर्षाच्या हिशेबात ती कामकरी धरली जाते, कारण वर्षात तीस दिवसांचं दुय्यम काम असलं तरी ते काम मोजतात. सात दिवसांच्या हिशेबात तर आठवड्यातला एक तासही पुरतो. पदवीधर मुलगा बापाच्या किराणा दुकानात एक पै पगार न घेता गल्ल्यावर बसला तर तो स्वयंरोजगार करणारा. देशात काम करणाऱ्यांत या स्वयंरोजगारवाल्यांचं प्रमाण 2017-18 मध्ये 52.2 टक्के होतं, 2023-24 मध्ये 58.4 टक्के झालं. त्यात स्वतःच्या हिमतीवर धंदा उभारलेली माणसं आहेत आणि दुसरं काही मिळालं नाही म्हणून घरच्या रानात गेलेलीही आहेत. आकड्यात दोघं सारखेच.

एक गल्ली धरा, समजायला सोपं जाईल. गल्लीत वीस पोरं. आठ पुण्या-मुंबईला गेली. चार स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात, घरचे सांगतात शिकतोय. तिघं घरच्या दुकानात किंवा शेतात. चौघं इथंच नोकरीला. एकटा काम शोधत फिरतोय. पुण्याचे आठ जण पुण्याच्या हिशेबात मोजले जाणार, अभ्यासिकेतले चार विद्यार्थी म्हणून बाहेर. उरले आठ, त्यातला एक बेकार, म्हणजे साडेबारा टक्के. दिवाळीनंतर तोही चाकणला गेला. आता गल्लीत सात, सातही कामावर. बेकारी शून्य टक्के. गल्लीत नवं काम एकही निघालेलं नाही. सांगलीच्या बेकारीचा कल मला विचाराल तर मी तो असा सांगतो.

रोजगार केंद्रातल्या नोंदणीचे मोठमोठे आकडे अधूनमधून फिरतात, त्यांचाही भरवसा धरू नका. तिथली चूक उलट्या बाजूची असते. पोरं बारावी झाली की नाव घालतात, पुढं काम लागलं तरी ते काढून घ्यायला कोण जातो? 1959 च्या कायद्यानं 25 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यानं रिकाम्या जागा केंद्राला कळवायच्या असायच्या, 2025 मध्ये तो कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. मी ज्या कारखानदारांकडं जातो त्यातल्या बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा माझ्याच तोंडून कळायचं. इथली भरती गेटवरच्या पाटीनं होते, नाहीतर आतल्या माणसाच्या ओळखीनं.

मी ज्या पहिल्या कारखान्यात टाइमकीपर होतो तो पुढं बंद पडला. शेवटच्या दिवशी हजेरीची कार्डं मीच पेटीत भरली. एकशे चाळीसच्या आसपास होती. पुठ्ठ्याची, कडा तेलानं काळ्या पडलेल्या. काहींवर बारा-बारा वर्षांचा नंबर. पुढं वर्षभर मी त्या माणसांची खबर ठेवली, कारण माझ्याकडं दुसरं काम नव्हतं. एक टर्नर रिक्षा चालवायला लागला. एक फिटर विश्रामबागेत एका अपार्टमेंटवर रात्रपाळीचा वॉचमन झाला. दोघांनी मिळून भाजीचा गाडा घातला. बरेच जण गावाकडं भावाच्या शेतात गेले. एक पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणारा, ज्याच्या हातासारखा हात मी नंतर पाहिला नाही, तो लग्नाच्या हॉलवर खुर्च्या लावायचा. कुणी सरकारी माणूस तेव्हा दारात येऊन विचारता, तर त्यातला जवळपास एकही बेकार निघाला नसता. तेव्हापासून बेकारी कमी झाली असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कामाला लागलेला माणूस आधी काय करत होता आणि आता काय करतो?

आपल्या शहराची गोष्ट इतर शहरांपेक्षा थोडी वेगळी आहे. सांगली पेठेची आणि हळदीची, मिरज रेल्वेची आणि दवाखान्यांची, कुपवाड कारखान्यांचं. 9 फेब्रुवारी 1998 ला तिन्ही मिळून महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर भरली. शिक्षणाची कमी इथं कधीच नव्हती. विलिंग्डन कॉलेज 1919 चं, वालचंद इंजिनिअरिंग 1947 चं, मिरजेत वॉन्लेस डॉक्टरांचा मिशन दवाखाना 1894 चा. शिकलेली पोरं आपण भरपूर काढतो, पण त्यांना सामावून घेईल असा मोठा कारखाना शहरात उभा राहिला नाही. पुणे-बंगळूर महामार्ग इस्लामपूरवरून गेला, सांगली बाजूला पडली. किर्लोस्करवाडी 1910 सालापासून आहे, पण ती पलूस तालुक्यात. सहकारी साखर कारखान्यांनी आणि सूतगिरण्यांनी एक पिढी सांभाळली. त्यांची ताकद कमी झाली, मधल्या काळात काही सहकारी बँका बुडाल्या, आणि त्यानंतरच्या पिढीला घरची शेती आणि पुण्याची बस एवढंच राहिलं.

बाहेर जाणं आपल्याला नवं नाही. खानापूर, आटपाडी, विट्याकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोन्या-चांदीच्या बाजारपेठेत कुठंही जा, आपल्याकडचा गलाईवाला भेटतो. पण तो गावाकडं पैसा पाठवतो, यात्रेला येतो, गावात घर बांधतो. आजचा इंजिनिअर पुण्यात हप्त्यावर फ्लॅट घेतो आणि मग आईबापांनाही तिकडंच नेतो. रविवारी रात्री सांगलीतून सुटणाऱ्या पुण्याच्या ट्रॅव्हल्स बघा. पाठीवर बॅग, हातात आईनं दिलेली डब्याची पिशवी. ती पोरं बेकारीच्या कुठल्याच हिशेबात नाहीत. शहरानं मात्र त्यांना गमावलंय.

जे इथं राहतात त्यांचं काम हंगामाला बांधलेलं. जानेवारीनंतर मार्केट यार्डात हळद यायला लागते, त्याच सुमाराला द्राक्षं आणि बेदाणा. हमाल, तोलाईदार, हळदीच्या पॉलिशवरची माणसं, शेडवरच्या बायका, टेम्पोवाले, सगळ्यांना मेपर्यंत उसंत नसते. उसाचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. कायम हंगामी कामगाराला बंद काळात थोडा रिटेन्शन भत्ता असतो, ठेक्यावरच्याला तोही नाही. जून ते सप्टेंबर हे आपल्याकडचे खरे बेकारीचे महिने. त्यात पूर आला तर संपलंच. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45 आहे. कुपवाड उंचावर असल्यानं कारखाने कोरडे राहिले. पण सांगलीच्या पेठेतली दुकानं बुडाली, आणि दुकान बुडालं की आधी नोकर घरी जातो. त्याच वर्षी वाहन उद्योगात मंदी होती. पुण्याच्या मोठ्या कंपन्यांची मागणी घटली की कुपवाडमधल्या जॉबवर्कवाल्याची तिसरी पाळी बंद होते. ते वर्ष मला पगारपत्रकावर दिसलं, एकेका मशीनशॉपमधून दर महिन्याला दोन-तीन नावं गळायची. 2020 च्या लॉकडाऊनबद्दल वेगळं लिहायला नको, ते सगळ्यांनी भोगलंय. 2021 ला पुन्हा पूर आला.

इथं एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागेल त्याला काम द्यायचं, ही रोजगार हमीची कल्पना आपल्या जिल्ह्यातली आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 1965 मध्ये तिचा पहिला प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली, पुढं तिचा कायदा झाला, आणि 2005 चा देशाचा कायदाही त्याच वाटेनं आला. पण ही हमी खेड्यासाठी आहे. मिरजेच्या चौकात सकाळी आठ वाजता डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला ती नाही. पावसाळ्यात दहा वाजेपर्यंत कुणी बोलावलं नाही तर तो घरी जातो. त्याच्या रिकाम्या गेलेल्या दिवसांची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

आता तुमच्या मुलाकडं येतो. कारखानदार म्हणतात माणसं मिळत नाहीत, पोरं म्हणतात काम मिळत नाही. दोघांचंही खरं आहे. मुलाखतीला आलेल्या पोरासमोर मी एक व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, आणि एक टर्न केलेली पिन ठेवतो आणि व्यास विचारतो. उत्तर 24.86 मिलिमीटर. मुख्य पट्टीवर 24, खालच्या पट्टीवर जुळणारी रेघ 43 वी, गुणिले 0.02. डिप्लोमाच्या दहा पोरांत तीन-चार जण बरोबर सांगतात. बाकीचे "साधारण पंचवीस" म्हणतात. कुपवाडमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची कामं चालतात, तिथं साधारण पंचवीस म्हणजे अख्खी बॅच रिजेक्ट. यात पोरांचा दोष मी धरत नाही. तीन वर्षं त्यांनी जर्नल एकमेकांची बघून लिहिली, कारण वर्कशॉपमधलं निम्मं मशीन बंद होतं आणि ते कुणी दुरुस्त केलं नाही.

कारखानदारांचंही मी झाकून ठेवत नाही. बारा तास उभं राहायचं, हातात येणार चौदा हजार, ठेकेदाराच्या नावावर नोंद. 240 दिवस भरत आले की ब्रेक द्यायचा, म्हणजे कायम होण्याचा हक्क सांगायला नको. मग पुन्हा नवीन कार्ड, नवीन नंबर. असं काम शिकलेल्या पोरानं नाकारलं तर त्याला आळशी म्हणणं मला पटत नाही. फाउंड्रीत आणि सूतगिरणीत आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं काम करतात ती काही इथल्यांचं काम हिसकावून घेऊन नाही. तो पगार आणि तो उकाडा इथल्या पोरांनी सोडला, म्हणून ती आली.

पुण्याचा हिशेब कागदावर मांडा. गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका पोराला कुपवाडमध्ये 14,000 आणि चाकणला 21,000 सांगितले होते. चाकणला चौघांत खोली, वाट्याला अडीच हजार. मेस साडेतीन हजार. गावाकडं महिन्यातून एक फेरी आणि किरकोळ धरून आणखी दोन हजार. हातात उरले तेरा. इथं आईच्या हातचं खाऊन, पेट्रोल जाऊन बारा उरत होते. म्हणजे फरक हजार रुपयांचा. तरी मी त्याला जा म्हणालो, कारण तिथं ज्या मशीनवर हात बसणार होता ती मशीन इथं त्याला तीन वर्षांत मिळाली नसती. हजार रुपयांसाठी जाऊ नये, कामासाठी जावं. दोनेक वर्षांत काम शिकून परत येणारी पोरं मी पाहिली आहेत. कुपवाडमधले चांगले शॉप अशा पोराला पुण्याच्या बरोबरीनं पगार देतात, कारण त्यांना मशीनचं सेटिंग करणारा माणूस हवा असतो, आणि तो गेटवरच्या पाटीनं मिळत नाही.

तेव्हा तुमच्या मुलानं आधी अप्रेंटिसशिप घ्यावी. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. डिप्लोमावाल्यांसाठी वर्षभराची केंद्राची वेगळी योजना आहे, तिचं प्रमाणपत्र पुढं सगळीकडं चालतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे. 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा सहा महिन्यांची होती, नंतर अकरा महिने केली. डिप्लोमाला महिना 8,000 मिळतात. पण त्यात सरकारी कार्यालयात टपाल नोंदवायचं काम मिळालं तर तुमच्या मुलाचं वर्ष फुकट जाईल. मशीनजवळचं काम मिळत असेल तरच घ्यायचं. आणि कुठंही रुजू होताना एक गोष्ट विचारायला लावा, पीएफ कंपनीच्या नावानं भरणार का ठेकेदाराच्या? दोन महिन्यांनी मोबाइलवर पासबुक उघडून पैसे जमा झालेत का ते त्यानं स्वतः बघावं. मी अशी पोरं पाहिलीत ज्यांच्या पगारातून वर्षभर कपात झाली आणि खात्यात काही आलं नाही.

स्पर्धा परीक्षेचा विचार त्याच्या मनात असेल तर वर्ष ठरवून द्या, दोन म्हणजे दोन. अभ्यासिकेत तीस-बत्तीस वयाची पोरं मला भेटतात. पाच-सहा प्रयत्न झालेले, हातात डिप्लोमा आहे पण मशीनला हात लावून आठ वर्षं झाली. त्यांना कामाला लावणं सगळ्यात अवघड जातं. हुशारी भरपूर असते, पण वीस वर्षांच्या पोराबरोबर ट्रेनी म्हणून उभं राहायला मन घेत नाही, आणि ते मला समजतं.

राहता राहिली तुमची मुलगी. देशातल्या शहरांत 15 वर्षांवरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या 2023-24 मध्ये 28 टक्के होत्या. बाकीच्या 72 पैकी कुणीच बेकार धरली जात नाही, कारण त्यांनी काम मागितल्याची नोंद नाही. तुमचा मुलगा निदान बेकार म्हणून मोजला जातो, मुलगी तेवढीही नाही. आणि खरं सांगायचं तर या घडीला सांगली-मिरजेत तिला काम मिळणं मुलापेक्षा सोपं आहे. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना आणि कोल्ड स्टोरेजना टॅली आणि जीएसटी रिटर्न भरणारं माणूस हवं असतं, मिरजेतल्या दवाखान्यांना बिलिंगला आणि विम्याच्या टेबलावर, सीएच्या ऑफिसांना तर बारा महिने. पगार सुरुवातीला दहा-बारा हजारांचाच असतो, तो वाढायला हवा असं माझं म्हणणं आहे, पण दोन वर्षं हिशेब सांभाळलेल्या एम.कॉम. मुलीला मालक सोडत नाहीत. पाहणीचा माणूस उद्या तुमच्या दारात आला आणि घरात काम शोधणारं कोण आहे म्हणून विचारलं, तर आत्ता तुम्ही एकच नाव सांगाल. त्याआधी एकदा तिला विचारून घ्या.